नळावरची चूळ

फोन आला तेव्हा मी जेवण उरकून भांडी विसळत होते. पलीकडे वैशाली होती, माझ्या धाकट्या भावाची, मनोहरची बायको. "ताई, हे गेले," एवढंच ती बोलली. मुलचेऱ्याहून आष्टीकडे येताना रस्त्यात एका रपट्यापाशी, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापाशी, त्यानं मोटरसायकल स्टँडवर लावली, खाली बसला आणि तिथेच आडवा झाला, हे नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. मी पहिला प्रश्न काय विचारला ते लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या प्रश्नाचंच आहे. मी विचारलं, "पेऊन होता का?"

वैशाली म्हणाली, "नाई." माझा विश्वास बसला नाही. सारी नोकरी मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. 'नाई पेलो, सिस्टर' असं सांगत स्ट्रेचरवरून घसरणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्या 'नाई'चं मला काही वाटत नाही. माझं नाकच माझं थर्मामीटर, असं वॉर्डातल्या मावश्या चिडवायच्या. मनोहर तर म्हणायचा, "बाई, तू पोलिसात पाह्यजे होती. जिल्हा रिकामा केला असता तू."

तो ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या कोळसा विभागात होता. कोळसा वाहून नेणारा पट्टा आणि त्यावरची यंत्रं सांभाळणं हे त्याचं काम. हसरा, हाताचा हलका, कुणाचाही मिक्सर आणि कुणाचंही भांडण दुरुस्त करून देणारा. क्वार्टरमध्ये सगळ्यांचा लाडका. प्यायला कधी लागला ते मला नेमकं सांगता येणार नाही; कळलं तेव्हा मात्र तो चांगलाच बुडाला होता. तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. तो बल्लारपूरला माझ्या घरी आला की मी दारातच उभी राहायची आणि म्हणायची, "हा कर." त्यानं तोंड उघडून 'हाऽ' करायचं, मी वास घ्यायचा. वास आला तर दार बंद. भाऊ असो की जावई, पिऊन आलेल्याला माझ्या घरात पाणी नाही. शेजारणी म्हणायच्या, एवढा मोठा बाप्या माणूस, लोकांसमोर त्याचं तोंड काय हुंगता? मी म्हणायची, तोंड त्याचं आहे, दार माझं आहे.

मग चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. मी पेढे वाटले नाहीत. काही वर्षांनी ती उठली तेव्हा रडलेही नाही. बंदी हवी म्हणणाऱ्यांच्या आणि नको म्हणणाऱ्यांच्या, दोन्हीकडच्या सभांत मी काही चेहरे तेच पाहिले आणि तेव्हापासून दोन्हीकडचे माइक मला सारखेच वाटतात. मनोहरपुरतं सांगते. आधी तो दुकानात उभा राहून प्यायचा, बंदीत त्याला बाटली घरपोच मिळू लागली. एकदा पकडला गेला. देणारा कधीच सापडला नाही, घेणारा सापडला. ठाण्यातून सुटून आला तेव्हा तो मान खाली घालून बसला होता, आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं की चला, आता लाज वाटली, आता सुधारेल. लाज वाटली हे खरं होतं. लाजेनं तो आणखी प्यायला.

व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला, गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं. प्रत्येक वेळी परत येताना सोनपापडीचा डबा घेऊन यायचा आणि प्रत्येक वेळी मला तो डबा शिळा होण्याआधी दारूचा वास यायचा. शेवटी वैशालीनं माझ्यापासून लपवून एक उद्योग केला. तिचं माहेर मुलचेऱ्याकडचं. तिथून आत जंगलातल्या एका गावी एक म्हातारा गोंड वैदू होता. तो एक मुळी उगाळून पाजतो, माणसाला दिवसभर भलतंसलतं दिसतं आणि त्यानंतर दारू सुटते, अशी त्या भागात बोलवा. तिनं नवऱ्याला तिकडे नेलं.

मला कळलं तेव्हा मी जी भडकले! आम्ही बौद्ध. आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरात वैदू-भगताचं नाव काढायची सोय नव्हती. ताप आला की दवाखाना, दुसरी गोष्ट नाही. त्यात मी नर्स. धोत्रा पोटात गेलेली माणसं मी पलंगाला बांधलेली पाहिलीत, हवेतले किडे वेचताना पाहिलीत. मी वैशालीला फोनवर म्हटलं, "मारून टाकलं असतं ना त्याले! मंग काय केलं असतं?" ती म्हणाली, "ताई, तसाही मरूनच राह्यले होते ना..." मी फोन ठेवला.

पुढे मनोहर आला. 'हा' केलं. वास नव्हता. माझा संशय दुप्पट झाला. चहा घेता घेता त्यानं त्या दिवसाची हकिगत सांगितली. सकाळीच पाजलं. मोहाच्या झाडाखाली चटईवर बसवलं. म्हातारा शेजारी बसून दिवसभर दोरी वळत होता. "आधी उलट्या झाल्या, बाई. मंग तू दिसली. ह्याच दारात उभी. म्हणे, हा कर. मी हा केलं तं तोंडातून कोळसा निघाला. निघून राह्यला, निघून राह्यला, सरतच नव्हता. तुह्या पायापाशी ढीग. अन् तू काई हटली नाई तिथून."

मी त्याला सांगितलं, आयुष्यभर कोळशात काम केलेल्या माणसाला कोळसाच दिसणार, त्यात कसला आला चमत्कार. तो हसला. "तुले कोणी मुळी पाजली तं तुले थर्मामीटर दिसन," म्हणाला. मुळीचं नाव त्याला माहीत नव्हतं, आणि वैदूनं मला ते सांगितलं असतं असं मला वाटत नाही. पुढे तो म्हाताराही वारला.

आमच्या ओळखीचे एक नागपूरचे मनोविकारतज्ज्ञ आहेत. मनोहरबद्दल ऐकून ते खास त्याला भेटायला माझ्या घरी आले होते. भला माणूस. त्यांनी समजावून सांगितलं की परदेशात अशी भास घडवणारी काही औषधं, डॉक्टर शेजारी बसवून, व्यसनी माणसांना देऊन बघताहेत. पुरावा अजून अपुरा आहे, पण अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कायद्यानं अशा पदार्थांना आणि ते घेणाऱ्यांना सरसकट गुन्हेगार ठरवू नये, आजारी माणसाला कोठडीत नव्हे तर दवाखान्यात न्यावं, असं त्यांचं मत होतं. शेवटचं मला पटलं. माझा भाऊ कोठडीतून काय घेऊन आला ते मी पाहिलं होतं. बाकीचं ऐकताना मात्र माझ्या मनात आलं, उद्या हे सुरू झालं की चौकाचौकात फ्लेक्स लागतील, 'एका दिवसात दारू सोडा'. मी विचारलं, "डॉक्टर, औषध उतरल्यावर शेजारी कोण बसणार?" ते प्रामाणिकपणे म्हणाले, तोच तर खरा प्रश्न आहे. मनोहर या सगळ्यात शेवचिवडा खात बसला होता. जाताना डॉक्टरांनी त्याला विचारलं, मुळीनंच सुटली ना? तो म्हणाला, "साहेब, मले काई समजत नाई. सुटली का, हे बाईले विचारा. मीटर तिच्यापाशी आहे."

मुदतीआधी निवृत्ती घेऊन तो वैशालीच्या गावी राहायला गेला. धानाची थोडी शेती, गावातल्या मोटारींची दुरुस्ती. मधूनमधून मोटरसायकलवर बल्लारपूरला यायचा. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी एका आठवड्यात दोनदा. या अनियमितपणाचाही मला संशय यायचा. तोंडात ओवा चघळायची सवय त्याला लागली होती, तर मी म्हटलं, वास लपवायला ओवा खातोस काय? पुढच्या खेपेपासून तो अंगणातल्या नळावर थांबायचा, ओवा थुंकून खळखळून चूळ भरायचा, आणि मग दाराशी येऊन म्हणायचा, "धुऊन आणलं, बाई. घे आता." केस पांढरे झाले तरी हे चालूच होतं. मी कधी सूट दिली नाही. त्यानं कधी मागितली नाही.

त्या रपट्यापाशी काय झालं ते आष्टीच्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. तो सकाळीच पडला होता. रस्ता वाहता होता. माणसं येत-जात होती, बसही गेली. तो भाग गडचिरोली जिल्ह्यातला. तिथं दारूबंदी जुनी आहे, आणि तिथल्या माणसांना एक गोष्ट अंगवळणी पडली आहे: रस्त्याच्या कडेला आडवा माणूस दिसला तर तो पेऊन पडलेला असतो, आणि त्याला हात लावला की पोलीस आपल्यालाच विचारतात, कुठं पेला, कोणी देली. म्हणून कुणी हात लावला नाही. एकानं त्याची टोपी तेवढी तोंडावर सरकवली, ऊन लागू नये म्हणून. दुपारी कुणाला तरी शंका आली की हा हलत कसा नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वेळेवर आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता.

टोपी सरकवणारा माणूस दवाखान्याच्या आवारात होता. हात जोडून म्हणाला, "बाई, आमाले वाटलं पेऊन हाय." त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी तरी फोनवर काय विचारलं होतं?

मनोहरला बाहेर आणलं तेव्हा बरीच माणसं जमली होती. मी वाकले. वैशालीनं माझा दंड धरला, तिला वाटलं मला भोवळ आली. मी त्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि वास घेतला. धूळ होती, आणि ओवा होता. मी सरळ उभी राहिले आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नाई पेला. माहा भाऊ नाई पेला."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्या नावानं वंदना झाल्यावर, वैशाली माझ्याजवळ बसली होती. म्हणाली, "ताई, मुळीचा असर लवकरच उतरला होता. पुन्हा प्यायचं मन झालं का ते गाडी काढत. म्हणत, बाईकडे जाऊन येतो. त्या दिवशीही सकाळपासून बेचैन होते. तुमच्याकडेच निघाले होते." म्हणजे ज्या आठवड्यात तो दोनदा आला, त्या आठवड्यात... हे ती माझी समजूत काढायला बोलली असेल, असंही मला वाटतं. माझा स्वभाव काही एका मरणानं बदलणार नाही. पण ती खरं बोलत असेल तर तो त्या रस्त्यानं मला तोंड हुंगू द्यायला येत होता, आणि लोकांनी न हुंगताच ठरवलं.

माझ्या संशयानं त्याला जगवलं की लोकांच्या संशयानं मारलं, याचा हिशेब मला लागत नाही. संशय दोन्हीकडे एकच होता. फरक असलाच तर एवढा, की मी जवळ जायची.

नळावर त्याचा चूळ भरायचा निळा मग अजून उपडा आहे. भाजीवाली हात धुते, पलीकडची मुलं पाय धुतात. नळ सुटल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराशी जाते आणि उभी राहते.