शकूची पाहुणी

निनादचा फोन आला तेव्हा मी इथे जपानात, फुनाबोरीला आमच्या इमारतीखाली नातवाच्या शाळेच्या बसची वाट बघत उभी होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. फोनवर मागून बर्फ उपसणाऱ्या गाडीची घरघर तेवढी ऐकू येत होती. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसली ती उठलीच नाही, असं त्याने नंतर सांगितलं. बस आली, नातू उतरला, मला बघून जपानीत काहीतरी विचारू लागला. मला ना त्याचं जपानी कळत होतं, ना स्वतःचं मराठी सुचत होतं. निनादची आई शकुंतला म्हणजे माझी शकू. या परक्या देशात मला "अगं" म्हणून हाक मारणारं एकच माणूस होतं, ते गेलं.

आमची ओळख इथल्याच बागेतली. दोघीही नातवंडं सांभाळायला आलेल्या, दोघींच्याही पायात सुनेचे बूट. ती वाईकडची. घसरगुंडीशी माझ्या शेजारी बसली आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाली, "तुमच्यात कोथिंबीर कुठनं आणतात हो? आमच्याकडं चार काड्या मिळतात, त्या देवापुढं ठेवाव्यात की आमटीत घालाव्यात कळत नाही." तिथून जे सुरू झालं ते दोन वर्षं रोज. मग निनादच्या कंपनीने त्याला सापोरोला पाठवलं, वर उत्तरेला, बर्फात. शकू, तिचे मालक अण्णा, सून आणि छोटी ईरा, सगळं बिऱ्हाड गेलं. मग आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवर आलं.

तिथे गेल्यावर अण्णांना नागीण झाली. पाठीपासून छातीपर्यंत पट्टा उठला. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण आग राहिली ती राहिलीच. ज्यांनी हे बघितलंय त्यांना सांगायला नको. अंगाला सदरा लागला तरी माणूस कळवळतो. अण्णा बँकेत नोकरी केलेले, टापटिपीचे. ते उघड्या अंगाने भर थंडीत हीटरपुढे बसायचे आणि ईरा पळत जवळ आली की हात पुढे करून तिला लांबच थांबवायचे. ते लांब थांबवणं शकूला त्यांच्या कण्हण्यापेक्षा जास्त लागायचं. डॉक्टर चांगले होते, औषधं बदलून बदलून दिली. एका औषधाने चक्कर येऊन न्हाणीघरात पडले, दुसऱ्याने दिवसभर गुंगीत, दुखणं मात्र तिथेच.

शकूला चिमण्यांना दाणे टाकायची सवय. बर्फ वितळला तसं तिने बाल्कनीत मासळीच्या दुकानातली थर्मोकोलची पेटी ठेवली होती, मेथी पेरायला. थर्मोकोलमध्ये माती गार पडत नाही, हे तिला शेजारच्या जपानी आजीने खुणांनी शिकवलं. एक दिवस कॉलवर तिने फोन त्या पेटीवर धरला. मेथीच्या मधोमध एक वेगळंच रोप. लांबट, कातरलेली पानं, हाताच्या बोटांसारखी पसरलेली. पाखरांच्या दाण्यात ते बी असतं म्हणे, मारून घालतात, उगवू नये म्हणून. एखादं जिवंत राहून जातं. मी म्हटलं, झेंडू का गं? तर तोंडाला पदर लावून हळूच म्हणाली, "झेंडू नाही गं. भांग आहे ही. माझ्या आजोळी बैलाचं पोट धरलं की हिचाच पाला गुळातनं द्यायचे. मी ओळखते ना."

या देशात त्या झाडाचं नाव काढायची चोरी. नुसतं एक रोप सापडलं तरी निनादची नोकरी, व्हिसा, सगळं गेलं असतं, वर बेड्या. मी म्हटलं, शकू, आत्ता उपट. ती म्हणाली, "उपटते." आणि पुढच्या आठवड्यात बघते तर वीतभर झालेलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुरा येऊ दे एकदा, औषध त्यातच असतं. यांना एक रात्र झोप लागली ना, मग मी माझ्या हातानं जाळीन." त्या झाडाचा अण्णांना उपयोग होईल की नाही हे ना तिला ठाऊक होतं, ना मला. पण दुसऱ्या कशाचा झाला नव्हता, हे दोघींना ठाऊक होतं. तेव्हापासून आम्ही त्या रोपाला पाहुणी म्हणायला लागलो. "पाहुणी कशी आहे?" "आहे बाई, नाजूक आहे. इथलं हवापाणी सोसत नाही तिला."

अण्णांना तिने लगेच सांगितलं, ती त्यांच्यापासून काही लपवायची नाही. ते त्या दुखण्यातही हसले म्हणे. "शकुंतले, जन्मभर मासळीच्या दुकानावरनं नाक धरून गेलीस, आता माशाच्या पेटीत भांग लावलीस. वर देवाकडं तुझ्यासाठी वेगळी खोली काढावी लागेल." मुलाला आणि सुनेला मात्र यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. त्यांना ठाऊकच नसलं तर त्यांच्यावर बालंट येणार नाही, हा तिचा हिशोब.

तिथला उन्हाळा म्हणजे आला आला म्हणेपर्यंत गेला. ती दुपारभर पेटी इकडून तिकडे सरकवायची, ऊन जाईल तिकडे. गार वारा सुटला की भोवती जुनं ब्लँकेट गुंडाळायची. आणि तक्रार करायची ती एकाच गोष्टीची. "या निनादला काय झालंय कोण जाणे. ऑफिसला जायच्या आधी स्वतः मशीन लावतो, स्वतः कपडे वाळत घालतो. बायकोला मदत करतो, कर बाबा! पण ती निळी चादर बरोबर माझ्या पेटीपुढंच. मी बाजूला केली की दुसऱ्या दिवशी परत तिथंच. सगळं ऊन खाते मेली." पाहुणी उंच होत गेली, पण काडीसारखी. पानं फिकट. उन्हाळा सरला, ईराची शाळा परत सुरू झाली, मेथी दोनदा खुडून झाली, तुऱ्याचा पत्ता नाही.

मग एक दिवस दारावर पोलीस आला. कशासाठी काही नाही, तिकडे चौकीतला शिपाई मधूनमधून घरोघर जातो, कोण राहतं, किती माणसं, लिहून घेतो. कोवळा पोरगा होता, टोपी काढून वाकून वाकून बोलत होता. ईराने जपानीत सगळी उत्तरं दिली. शकू बाल्कनीच्या दाराला पाठ लावून उभी. तो ईराला कागदी बिल्ला देऊन हसत निघून गेला. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "शकू, आत्ताच्या आत्ता ते काढ." ती म्हणाली, "अहो, अजून थोडे दिवस..." तर ते म्हणाले, "मला दुखायचं तेवढं दुखू दे. ती पोरगी त्याच्याशी कशी बोलत होती बघितलंस ना? तिच्या बापाला त्याने न्यायचं का?"

तिने उपटलं. पण टाकायचं कुठे? तिकडे कचऱ्याच्या पिशव्या पिवळ्या, आतलं दिसणाऱ्या. कावळे त्या फाडून सगळं रस्त्यावर मांडतात. जाळावं तर तिथे चूल नाही, शेकोटी नाही. शेवटी भाजीच्या कात्रीने बारीक बारीक कापून त्याच पेटीत मातीखाली पुरलं, वर मेथी पेरली. मला कॉलवर म्हणाली, "पाहुणी गेली गं." आणि रडली नाही. भाजी निवडत बसली.

अण्णा त्या हिवाळ्यात गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. शेवटच्या दिवसांत त्यांना अंगावर पांघरूणसुद्धा सहन होत नव्हतं, बाहेर खिडकीएवढा बर्फ आणि आत हा माणूस उघडा. शकू नुसती शेजारी बसायची, हात न लावता. "चाळीस वर्षांच्या संसारात," मला म्हणाली, "जाताना हातसुद्धा धरता आला नाही." त्यानंतर ती होती, पण कॉलवर मीच बोलायची. चिमण्यांचे दाणे तिने कधी परत आणले नाहीत.

यंदा ती गेली, तेराव्याला मी सापोरोला गेले. निनाद मला बाल्कनीत घेऊन गेला, पेटीवरचा बर्फ हाताने बाजूला केला, आणि म्हणाला, "मावशी, आईचं ते झाड तुम्हाला माहीत होतं ना?" मी पेटीच्या कडेचा बर्फ झाडू लागले. "मलाही होतं," तो म्हणाला. "कंपनीत रुजू झालो तेव्हा परदेशी माणसांना फोटो दाखवतात, याला हात लावू नका म्हणून. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. उपटणार होतो... पण आत बाबा ओरडत होते. मग म्हटलं, वाढू दे. समोरच्या इमारतीतून दिसायला नको, म्हणून रोज चादर घालायचो."

तो पेटीतल्या गोठलेल्या मातीकडे बघत होता. "आई बाजूला करायची, मला वाटायचं समोरून दिसतं हे तिच्या लक्षात येत नाही. मी परत लावायचो." मग लहान मुलासारखं विचारलं, "चादर नसती तर आला असता का हो तुरा?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा. एवढ्या थंडीत कुठला येतोय." हे खरं की खोटं, मला माहीत नाही. त्याने मान हलवली. त्याला पटलं नाही, हे मला दिसलं.

आता निनादचं बिऱ्हाड पुण्याला परत चाललंय. हे लिहू का, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "नावं बदला आणि लिहा." तशी ती बदलली आहेत. मी सापोरोहून निघताना आईची एखादी वस्तू घेऊन जा म्हणाला. सून साडी काढून ठेवत होती. मी ती निळी चादर मागून घेतली.

ती आता माझ्या पलंगावर आहे. एका अंगाने अजून गडद निळी, दुसऱ्या अंगाने विटून पार पांढुरकी झालेली. सकाळी घडी घालताना ती विटकी बाजू वर येते. त्या उन्हाळ्यातलं सगळं ऊन तिथे आहे... शकू पेटी घेऊन ज्याच्या मागे फिरत होती, ते.