बातम्यांचा रतीब

जगात कुठंही काही घडलं आणि ते आमच्या शेजारच्या भाऊजींना कळलं नाही, तर ते घडलंच नाही असं खुशाल समजावं. भाऊजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे दीर. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले, बायको गेली, एकुलती लेक लग्न होऊन कॅनडाला गेली, आणि नगरात आमची भिंत एक असल्यामुळे ते माझ्या वाट्याला आले. माणूस सज्जन, पण कशावरही एकदम विश्वास ठेवायचा नाही. पेपर तीन घ्यायचे आणि तिन्ही ताडून बघायचे. "आक्का, एकात म्हातारा विहिरीत पडला म्हणतात, दुसऱ्यात ढकलला म्हणतात." मी म्हणायची, "म्हातारा मेला न्हवं? मग झालं."

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा जावयाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. त्यावर इंटरनेट ज्यातून उघडायचं त्याला ब्राउझर म्हणतात. त्यात बातम्या वाचायची सोय होतीच, पण तयार सोय भाऊजींना कधी पसंत पडली? कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडीची तबकडी यायची, तिच्यातून बातम्या 'वाचणारे' निराळे प्रोग्राम काढून ते ब्राउझरला जोडायचे. एक हवामानाचा, एक क्रिकेटचा, एक लेकीच्या गावचा. पत्ता एकदा घातला की ताजी बातमी आपली आपण येऊन पडणार. "आपण जायचंच नाही, आक्का!" मी म्हटलं, "म्हणजे दुधासारखा रतीब लावला म्हना की." शब्द त्यांना इतका आवडला की गल्लीत ज्याला त्याला विचारत सुटले, कशाचा रतीब लावू? मी सांगितलं, काष्टीच्या बाजारात बैलाचा भाव काय ते आणा. त्यांनी सकाळभर खटपट केली आणि परदेशातल्या शेअरबाजारात तेजीला म्हणतात त्या बैलाची बातमी आणली. तो बैल औताला चालत नाही म्हणे.

घोटाळा एवढाच झाला, की हे सगळं फोनच्या तारेतून यायचं. रतीब चालू, की फोन एंगेज. लेक रविवारी सकाळी फोन लावायची, लागायचा नाही. शेवटी माझ्याकडे लावायची. ज्यांच्याकडे फोन नाही ते शेजाऱ्याचा पीपी नंबर देतात. घरात फोन असून पीपी नंबर लागणारा नगरातला हा एकच माणूस असेल. मी भिंतीवर लाटणं आपटायची, मग ते चपला शोधत यायचे, तोवर ती माझ्याशी बोलत असायची.

आणि येऊन बोलायचे काय? पोरगी म्हणायची, "बाबा, इकडे बर्फ पडलाय." हे म्हणायचे, "माहीत आहे. परवापासून पडतोय." ती म्हणायची, "आमच्या इथला पूल बंद आहे." "गुरुवारी उघडणार आहे." बाहेरदेशीचा महागाचा फोन, आणि आत नुसती खरखर. हळूहळू दर रविवारचा फोन एका रविवाराआड यायला लागला, मग महिन्याने. एकदा भाऊजी यायच्या आत ती मलाच म्हणाली, "मावशी, त्यांना माझ्याकडून काही नकोच असतं. फोन कशाला करू?"

मी फोन ठेवला आणि ते दारात आले तसं सुनावलं. "ठिवला तिनं. पुन्हा करील का न्हाई, ठावं न्हाई."

"का? काय म्हणाली?"

"तुमाला समदं ठावं असतंय म्हनाली. आवो, आपन सुनेला जेवलीस का म्हनून इचारतो, ते काय ताट दिसत न्हाई म्हनून?"

ते खुर्चीवर बसले. चहा दिला तो तसाच निवला. मग म्हणाले, "आक्का, मला वाटायचं, तिच्या गावचं सगळं वाचलं म्हणजे मी तिच्यापाशीच आहे."

मी कप उचलून आत गेले.

पुढचे काही रविवार कुठेच फोन वाजला नाही. भाऊजी सकाळी कॉम्प्युटर बंद ठेवून बसत, मला भिंतीतून त्यांचं खोकणं तेवढं ऐकू यायचं. मग एका रविवारी पलीकडे घंटी वाजली. पाठोपाठ भाऊजींचा आवाज, बहिऱ्याशी बोलावं तसा मोठा. "काय गं, थंडी आहे का तिकडे?" मग कितीतरी वेळ काही नाही. ती सांगत असणार आणि हे ऐकत असणार.

तेव्हापासून पोरगी तिकडेच फोन करते. बरंच झालं. ती माझ्याशी गप्पा मारत बसायची तेव्हा माझी भाजी करपायची. आता रविवारची भाजी चांगली होते. एकटीपुरती करायची, तिला वेळ तरी किती लागतो.