चमच्याला ओठ मिटून घेणारी

आमच्या मुलीला सहा महिने पूर्ण झाले आणि ती चमचा दिसला की ओठ मिटून घेऊ लागली. नाचणीची पेज असो, मुगाचं पाणी असो, कुस्करलेलं केळं असो. बाटलीही तिला चालत नव्हती. आईचं दूध एवढंच तिचं अन्न.

एरवी हे चालून गेलं असतं. पण बायको मारेगावला एका बँकेच्या शाखेत काम करते. बाळंतपणाची रजा तिने एकदा वाढवून घेतली होती, ती पुन्हा वाढणार नव्हती. रुजू झाल्यावर सकाळी वणीहून एसटीने जायचं आणि संध्याकाळी परतायचं. तेवढा वेळ मुलगी माझ्या आईजवळ राहणार. तोपर्यंत ती दुधाशिवाय दुसरं काही खायला लागली नाही, तर बायकोला नोकरी सोडावी लागणार होती. हे घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

मार्ग बायकोने मोबाइलवर शोधला. बाळाला भरवायचंच नाही. त्याच्यापुढे बोटाएवढे मऊ तुकडे ठेवायचे. उचलायचे त्याने, तोंडात घालायचे त्याने, गिळायचे किंवा थुंकायचे त्यानेच. घरातले खातात तेच त्याला द्यायचं. बालरोगतज्ज्ञांनी मुलगी आधाराशिवाय ताठ बसते का ते पाहिलं. मीठ, साखर, मध आणि कडक दाणे टाळायला सांगितले, खाताना जवळून हलू नका म्हणाले आणि होकार दिला.

इथवर तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण बायको ज्या मातांच्या ग्रुपवर होती तिथे जगभरच्या घरगुती जेवणांचं वेळापत्रक चालायचं. लहानपणीच सगळ्या चवींची ओळख झाली की मूल पुढे नखरे करत नाही, असं त्यामागचं म्हणणं होतं. त्यामुळे आमच्या घरात सोमवारी मोरोक्को आलं. जिरं आणि दालचिनी घालून शिजवलेली गाजरं. मंगळवारी मेक्सिको, म्हणजे राजम्याच्या चपट्या वड्या. बुधवारी इथिओपिया. ती आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी तव्यावरून उतरताच आई म्हणाली, "अवो, हे तं धिरडं हाय. यासाठी तिकडं कायले जा लागते?"

ॲव्होकाडो नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या बसने मागवावा लागला. तो आणायला चौकात मी गेलो. पहिल्या खेपेला दगडासारखा आला, दुसऱ्या खेपेला आतून काळा. वडिलांनी एक फोड चाखली आणि उठून चूळ भरून आले.

वडिलांची अडचण वेगळी होती. घरातले खातात तेच मुलीला द्यायचं आणि मुलीला मीठ चालत नाही, या दोन गोष्टी एकत्र केल्यावर सगळ्या घराचाच स्वयंपाक अळणी झाला. मीठ वरून घ्या, असं बायकोचं म्हणणं. वरून घेतलेलं मीठ भाजीत मुरत नाही, असं वडिलांचं. आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेला माणूस. पहिल्या पाळीत असताना डबा दहाला उघडायची सवय होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. दहा वाजता ताटावर बसून ते मला विचारायचे, "तुमच्या त्या मोरोक्कोत मीठ भेटत नाई का बाप्पा?"

मला, कारण सुनेला थेट विचारायचं नाही हा त्यांचा नियम होता. सूनही सासूशी शक्यतो वाद घालायची नाही, ती मला सांगायची. सासूही मलाच सांगायची. मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार आहे. दोन्ही बाजू ऐकून घेणं हे माझं काम आहे, पण त्यासाठी मला पगार मिळतो तो बाहेर.

अकराच्या सुमारास मुलीला उंच खुर्चीत बसवायचं. खुर्चीखाली जुनी वर्तमानपत्रं. वणीत सकाळी पुसलेली फरशी दुपारी पुन्हा काळी होते. कोळशाचे ट्रक गावाजवळून जातात आणि त्यांची धूळ कोणाचं दार विचारून येत नाही. पडलेला तुकडा उचलून परत द्यायचा की नाही, यावर घरात दोन मतं होती. दोन्ही मला ऐकवली गेली.

मग सगळे भोवती उभे राहायचे. बायको समोर, आई उजवीकडे, वडील दारात, मी ग्रुपसाठी व्हिडिओ काढायला डावीकडे. शेजारच्या काकूही कधीकधी येत, परदेशी जेवण बघायला. मुलीने तुकडा उचलला की आमची सगळ्यांची तोंडं आपोआप उघडायची. ती तोंडं ती एकेक करून बघायची आणि तुकडा खाली टाकायची. राजमा खाली. धिरडं खाली. जपानचा भोपळाही खाली.

एखादा तुकडा तोंडात गेलाच तर घशाशी अडायचा. तिचा चेहरा लाल व्हायचा, उबळ यायची. ही उबळ म्हणजे गुदमरणं नव्हे, ती तुकडा स्वतःच पुढे आणते, असं बायकोने सांगून ठेवलं होतं. पण आईचं बोट त्याआधीच मुलीच्या तोंडात असायचं.

"आई, बोट घालू नका हो. तुकडा मागे जाईल."

"मंग काय पाहत बसू? पोरीचे डोये पांढरे होऊन राह्यले!"

"नव्हते झाले."

"तुले दिसले नसतीन. मले दिसले."

त्यानंतर दोघी माझ्याकडे बघायच्या. मी व्हिडिओ परत लावून दाखवला. डोळे पांढरे झाले नव्हते. आईने व्हिडिओवर विश्वास ठेवला नाही.

रुजू होण्याची तारीख जवळ आली. मुलगी अजून काहीच खात नव्हती. बायको आता पहाटे उठून दोन देशांचं करू लागली. एक जमलं नाही तर दुसरं. एका सकाळी ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "राजीनाम्याला किती दिवसांची नोटीस लागते ते जरा बघा." मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही.

त्याच आठवड्यात एके दिवशी वडील पेन्शनच्या कामाला गेले आणि दहाला परतले नाहीत. आईला साखर आहे. ती त्यांच्या जेवणाच्या अंदाजाने गोळी घेते, त्यांना वाढते आणि मग स्वतः जेवते. त्या दिवशी गोळी पोटात गेली होती आणि वडिलांचा पत्ता नव्हता. साडेदहाच्या पुढे तिची साखर उतरू लागली. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मुलगी खाली सतरंजीवर बसलेली, पुढ्यात वाटीत मोरोक्कोची गाजरं, अकरासाठी गार करायला ठेवलेली.

आई ताट घेऊन तिच्या शेजारी खाली बसली आणि जेवू लागली. माझ्या माहितीत ती नवऱ्याच्या आधी पहिल्यांदाच जेवत होती. भाकरी, वरण. मुलीकडे तिचं लक्ष नव्हतं, खाण्याची घाई होती. मी बाहेरच्या खोलीत बातमी लिहीत होतो. दारातून दोघी दिसत होत्या.

मुलगी आईच्या हाताकडे बघू लागली. ताटाकडे, मग तोंडाकडे, पुन्हा हाताकडे. मग तिने वाटीतलं गाजर उचललं, तोंडात घातलं आणि तोडलं. उबळ आली. मी अर्धा उठलो. आईला ती दिसली की नाही ते कळलं नाही. तिचा घास चालू होता. मुलीने तुकडा जिभेने पुढे आणला, चोखला, गिळला आणि दुसरा उचलला.

बायको रिकामी बादली घेऊन खाली आली, तेव्हा वाटीत एकच फोड उरली होती.

यावर आनंद होईल असं मला वाटलं होतं. वाद झाला. आई म्हणाली, पोरीला खाली बसायचं होतं, खुर्चीनेच घात केला. बायको म्हणाली, दालचिनी. उशिरा आलेले वडील म्हणाले, भूक. दुसऱ्या दिवशी तिघांच्या मताप्रमाणे करून पाहिलं. सतरंजी, दालचिनी, उशीर. आम्ही सगळे भोवती बसलो. तिने आमची तोंडं बघितली आणि गाजर फेकलं.

रात्री बायकोने ग्रुपवरच्या सूचना पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. त्यात होतं की मुलाला घरच्यांबरोबर जेवू द्यावं. आम्ही त्याचा अर्थ घरच्यांचं अन्न एवढाच घेतला होता. बरोबर जेवणं आमच्याकडे नव्हतंच. वडील दहाला, मी काम आटोपेल तेव्हा, बायका वडिलांच्या मागून स्वयंपाकघरात. त्या मुलीने कोणाला जेवताना जवळून पाहिलंच नव्हतं. तिने पाहिली होती फक्त उघडलेली तोंडं.

मग ठरलं, सगळ्यांनी एकत्र बसायचं, साडेबाराला, मुलगी झोपून उठल्यावर. आईने गोळीची वेळ पुढे नेली. वडिलांना हे मीच सांगितलं.

"साडेबाराले? मंग दहाले काय खाऊ?"

"बिस्किट."

"खाणीतून सुटलो तं आता पोरीच्या पाळीत लागलो," ते म्हणाले. पण बसले.

पहिल्या दिवशी वडिलांनी सवयीने भाकरी मागितली, आई उठली आणि मुलीने हातातला तुकडा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई उठली नाही.

"भाकर दे न वो."

"टोपलं तिथं हाय. मी उठली की पोरगी थांबते."

वडिलांनी टोपल्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी जेवत होतो. त्यांनी हात लांब करून भाकरी घेतली. पुढे आईने हेच कारण पाण्यासाठी, लोणच्यासाठी आणि दार उघडण्यासाठीही वापरलं. ते खरं होतं की नाही, याची खातरजमा कोणी केली नाही. मुलगी खात होती. कधी तीन घास, कधी चिमटीभर, पण रोज.

बायको रुजू झाली. त्या दिवशी साडेबाराला आम्ही बसलो. ताटात आमच्याकडच्या तुरीचं वरण आणि बायकोने पहाटे करून ठेवलेला कुठल्यातरी देशाचा भोपळा. पहिले घास घेतले आणि आईचा फोन वाजला. बायकोचा होता, आईने डाव्या हाताने उचलला.

"जेवून राह्यलो आम्ही. मंग कर."

फोन ठेवून तिने पुढचा घास घेतला. लगेच माझ्या मोबाइलवर बायकोचा मेसेज आला. खाते आहे का?

मी लिहिलं, हो.

किती खाल्लं?

मी मुलीच्या वाटीकडे पाहिलं. भोपळा वाटीत होता, हातात होता, गालावर होता, वडिलांच्या धोतरावर होता. सुरुवातीला किती होता ते मला माहीत नव्हतं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, मी माझं खात होती. वडिलांना विचारलं नाही.

मी लिहिलं, कोणी पाहिलं नाही.

मोबाइल उपडा ठेवून मी टोपल्यातली भाकरी घेतली.