राळेगाव–अलिबाग, मार्गे मेहकर

डोमाजी थूल यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसांना जिथं जिथं जायचं होतं तिथं तिथं नेऊन पोहोचवलं, आणि स्वतः मात्र कुठंच गेले नाहीत. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारावं. नागपूर? "गेलतो ना, हजार खेपा." नागपुरात काय पाहिलं? "स्टँड." अमरावती? "स्टँड चांगला, कँटीन खराब." आदिलाबाद, अकोला, औरंगाबाद, सगळीकडची उत्तरं याच मासल्याची. गाडी फलाटाला लागली की प्रवासी उतरत, कंडक्टर चहाला जाई आणि डोमाजी सीटवरच पाय पसरून बसत. गाडी सोडून जायचं नाही, हा त्यांचा नेम. गावात पाटलाची म्हैस सुटली तरी चालेल, पण डोमाजीची गाडी बेवारस राहायची नाही.

त्यांच्या बायकोचा, नलूबाईंचा, हट्ट एकच होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच त्यांनी सांगून टाकलं होतं, की मला दागिना नको, लुगडं नको, दोघांनी मिळून एकदा समुद्र पाहायचा. डोमाजी तेव्हा म्हणाले, "पाहू." मग म्हणाले, "रिटायर झाल्यावर." रिटायर होऊन दोन वर्षं झाली तेव्हा म्हणाले, "पुढच्या साली." लग्नाला एव्हाना चौतीस वर्षं झाली होती. समुद्र काही पळून जात नाही, असं त्यांचं मत होतं, आणि बायकोही पळून जात नाही असं त्यांनी गृहीतच धरलं होतं.

मग दोन हजार सहा साल उजाडलं. कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं, गावातली दोन घरं खरोखर बसली होती, आणि त्यात थट्टेसारखं काही नाही. थट्टा होती ती पाहुण्यांची. मुंबईचे पत्रकार, दिल्लीच्या समित्या, कुठल्या कुठल्या परदेशातले गोरे, सगळे पांढऱ्या गाड्यांतून राळेगाव तालुका पाहायला येऊ लागले. जणू इथं लेणी सापडली होती. एकानं नलूबाईंचा त्यांच्या ओट्यावर फोटो काढला आणि तो पेपरात आला. खाली लिहिलं होतं, 'भविष्याकडे हताश नजरेने पाहणारी शेतकरी महिला.' खरं म्हणजे त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती आणि नजर भविष्याकडे नव्हती, फोटोवाल्याच्या पिशवीवर चढलेल्या कोंबडीकडे होती.

पेपर घडी करून नलूबाई म्हणाल्या, "सारी दुनिया आपल्याले पाह्याले येऊन राह्यली. आपण कोणाले पाह्याले जात नाही. हे काही बरोबर दिसत नाही."

आता 'पुढच्या साली' म्हणायची सोय राहिली नव्हती.

वस्तीतली चौदा माणसं जमली. त्यात नलूबाईंची कापूस वेचायच्या वेळची मैत्रीण, तांड्यावरची भुरीबाईही होती. तांड्यावरच्याच पूनमसिंगनं वराती नेण्याची आपली मिनीबस दिली, फक्त एका अटीवर. सोमवारी सकाळी दिग्रसला वरात होती, तेव्हा रविवारी रात्री गाडी दारात हवी. बेत पक्का ठरला. गुरुवारी पहाटे निघायचं, दुपारी औरंगाबाद, शुक्रवारी वेरूळ आणि बीबीका मकबरा, शनिवारी अकरा वाजता अलिबागला समुद्र, संध्याकाळी पाचला परत. डोमाजींनी हे सगळं वेळापत्रक पाठ केलं. एकतीस वर्षांत त्यांनी कुठलं वेळापत्रक चुकवलं नव्हतं.

चूक झाली ती तयारीत. डोमाजींनी आपले जुने कंडक्टर मारोतराव यांना बरोबर घेतलं, कारण डबल घंटी ऐकल्याशिवाय त्यांचा पाय क्लचवरून उठत नसे. मारोतरावांनी बैलाच्या गळ्यातली घंटी दोरीला बांधून ड्रायव्हरच्या कानाशी टांगली. इथवरही ठीक होतं. पण डोमाजींना काचेमागं पाटी नसलेली गाडी नागवी वाटे. म्हणून त्यांनी लाल पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वतः पाटी रंगवली: 'राळेगाव–अलिबाग, मार्गे यवतमाळ, कारंजा, मेहकर, जालना, औरंगाबाद.' अक्षर इतकं सुबक, की आगारात कुणी हरकत घेतली नसती.

पहाटे पाचला डबल घंटी झाली आणि गाडी निघाली. अर्ध्या तासानं गाडी वळली, मागं आली आणि थांबली. गाडीतली माणसं डोळे चोळत उठली.

"काय झालं वो?" नलूबाईंनी विचारलं.

"कळंब आलं," डोमाजी म्हणाले.

"मंग?"

कळंब आलं की स्टँडात शिरायचं, उलट घेऊन फलाटाला लावायचं, पाच मिनिटं थांबायचं. हातांनी ते आपसूक केलं होतं. मारोतराव तर नोंद करायला खिडकीशी पोहोचलेही होते. यवतमाळात तेच, दारव्ह्यात तेच. तिथं निदान ओळखीचे लोक होते. "डोमाजीभाऊ, जयभीम! रिटायर झाले ना तुम्ही?" असं म्हणून चहा तरी पाजत होते. पण चहा पाजला की बोलणं आलं, आणि बोलणं आलं की वेळ गेलाच.

मेहकरात कुणी ओळखीचं नव्हतं, आणि तिथंच कहर झाला. डोमाजींनी झोकात गाडी फलाटाला लावली, मारोतरावांनी दार उघडलं आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं आरोळी ठोकली, "जालना, औरंगाबाऽऽद!" लोकांनी पाटी पाहिली, आरोळी ऐकली आणि गाडीत घुसले. कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. खिडकीमागच्या कंट्रोलरनंही मान वर न करता लिहून घेतलं.

"कोणती गाडी?"

"राळेगाव–अलिबाग," मारोतराव म्हणाले. "सव्वादोन तास लेट."

"अलिबाग?" आता मात्र कंट्रोलरनं मान वर केली, चष्मा पुसला आणि ती निळी मिनीबस पाहिली. तिच्या कपाळावर 'पूनमसिंग वरात सेवा' लिहिलेलं होतं. मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. पण शिट्टी वाजवून गाडी बाहेर काढली तेव्हा आत चौदाऐवजी बावीस माणसं होती, आणि बसलेल्या माणसाला उतरवणं डोमाजींच्या रक्तात नव्हतं. एक म्हातारी तर सिंदखेडराजाच्या पुढं आत चार किलोमीटरवर राहत होती.

"थ्या म्हातारीले उन्हात कसं सोडाव?" डोमाजी म्हणाले आणि गाडी आत घातली. म्हातारीनं सगळ्यांना ताक पाजलं. ताक फार चांगलं होतं. त्यात एक तास गेला.

भुरीबाई नलूबाईंच्या कानाशी लागली. "नलू, आमचे लमाण बैलावर माल लादून जात, तेबी यापेक्षा लवकर पोचत असतील."

दुपारचं औरंगाबाद रात्री नऊला आलं.

शुक्रवारी वेरूळला सगळ्यांनी लेणी पाहिली. दहाव्या लेण्यातल्या बुद्धासमोर नलूबाई हात जोडून बराच वेळ बसल्या आणि बाजूची जागा त्यांनी धरून ठेवली. डोमाजी आले नाहीत. ते गाडीतच होते. मकबऱ्यालाही तेच. नलूबाई बाहेर आल्या तेव्हा डोमाजी पुढची काच पुसत होते.

"काहून नाही आले?"

"गाडी कोण पाहीन?"

"गाडीले काय होते? तिले कुलूप हाये ना."

"कुलपाचा काय भरोसा?" डोमाजी म्हणाले. नलूबाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की डोमाजींना बरं वाटत असे. वाद मिटला असं ते समजत. हा त्यांचा चौतीस वर्षांचा गैरसमज होता.

शनिवारी मारोतरावांनी पाटी काढून सीटखाली टाकली, पण हातांची सवय कशी काढणार? नगरला गाडी शिरली, शिरूरला शिरली, आणि पुण्याच्या स्टँडात तर अशी शिरली की बाहेर पडायलाच दीड तास लागला. तिथला शिपाई डोमाजींना म्हणाला, "काका, ही खाजगी गाडी आहे, इथं तुमचं काय काम?" हे त्यांना फार लागलं.

अकराचं अलिबाग साडेतीनला आलं. जेवायला एका खाणावळीत थांबले; डोमाजींचं ताट गाडीतच गेलं. मालकानं हसत विचारलं, "कुठून आलात?"

"यवतमाळ."

मालकाचं हसू मावळलं. त्यानं चेहरा लांब केला आणि पोऱ्याला रेडिओ बंद करायला सांगितलं. "तिकडं फार वाईट चाललंय ना? आम्ही पेपरात वाचतो हो."

"हो, तिकडं लय वाईट हाये," नलूबाई म्हणाल्या. "पण आज आम्ही इकडं हावो. रेडिओ लावा बरं."

गाडी किनाऱ्यालगतच्या मैदानात लागली तेव्हा सव्वाचार झाले होते. पाचला निघायचं होतं. पाऊण तास, म्हणजे जेमतेम समुद्राला रामराम करण्यापुरता वेळ. माणसं भराभर उतरून गेली. डोमाजींनी सवयीप्रमाणे पाय पसरले. मागं पाहतात तर नलूबाई जागच्या जागी.

"जा ना. पाह्य तुया समुद्र."

"मी नाही जात."

"काहून?"

"मी गाडी पाह्यतो. तुम्ही जाऊन या. मंग मले सांगजा कसा हाये थो."

"बह्याड झाली का?" डोमाजी चिडले. "एवढ्या दूर आणलं तुले, अन् आता..."

"आणलं ना. साऱ्या जिल्ह्याले आणलं-नेलं तुम्ही." नलूबाईंचा आवाज मुळीच चढला नव्हता. "पण मी तुमची पासिंजर नाही. मी एकटी पाह्याले नोती आली."

डोमाजींना एकदम काहीतरी कळलं, आणि जे कळलं ते मुळीच आवडलं नाही. आपण या बाईला चौतीस वर्षं स्टँडावर बसवून ठेवलं, असं त्यांना वाटलं. हात दाखवणाऱ्या कुणालाही त्यांनी कधी रस्त्यावर सोडलं नव्हतं, आणि ही तर घरातूनच हात दाखवत होती. त्यांनी किल्ली काढली, परत लावली, परत काढली. खाली उतरून चाकाखाली दगड लावले. चारही बाजूंनी फिरून गाडी पाहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा तिला एकटी सोडून ते बायकोच्या मागं चालू लागले. दहा पावलांत त्यांनी तीनदा वळून पाहिलं.

किनाऱ्यावर पोहोचले तर समुद्र नव्हता. ओली वाळू होती, त्यात एक होडी कलंडलेली होती, आणि पाणी कुठंतरी लांब, डोळे बारीक केल्यावर दिसेल इतकं.

"कुठं गेला वो समुद्र?" डोमाजींनी शहाळीवाल्याला विचारलं.

"ओहोटी आहे काका. सातपर्यंत पाणी जवळ येईल."

"म्हणजे हाबी लेट," डोमाजी म्हणाले. घड्याळात पावणेपाच होत होते. नलूबाईंनी लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्याच्या दिशेनं निघाल्या. समुद्र येत नसेल तर आपण जाऊ, एवढा साधा हिशेब. डोमाजींनी बूट हातात घेतले. ओल्या वाळूत त्यांचे पाय लटपटायला लागले, तेव्हा नलूबाईंनी त्यांचा हात धरला. चारचौघांत हात धरायची ही पहिलीच वेळ. डोमाजींनी इकडंतिकडं पाहिलं, पण हात सोडवला नाही.

पाण्याची पहिली लाट पायाला लागली आणि ते दचकून मागं सरले, मग पुढं झाले.

"लय मोठा हाये," शेवटी डोमाजी म्हणाले.

"हो."

"हा कुठवर जाते?"

"मले काय माहीत?" नलूबाई म्हणाल्या. "पाहा ना तुम्ही."

मागून मारोतराव मनगटावर बोट आपटून वेळ दाखवत होते. पाच वाजले, साडेपाच वाजले. पाणी पावलापावलानं भरत आलं, आणि ही दोघं पावलापावलानं मागं येत राहिली. डोमाजींनी मारोतरावांकडे एकदा पाहिलं आणि हात हलवून 'बसा' अशी खूण केली. गाडी अलिबागहून सुटली तेव्हा सात वाजून गेले होते. सोमवारी दिग्रसची वरात दोन तास उशिरा निघाली, नवरदेव घामानं भिजला, आणि पूनमसिंगनं डोमाजींना जे ऐकवलं ते सारा तांडा आठवडाभर एकमेकांना सांगत होता. डोमाजींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

मंगळवारी नळावर बायकांनी नलूबाईंना गराडा घातला. "सांग ना वो बाई, समुद्र कसा हाये?"

"समुद्र?" नलूबाईंनी पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेतला. "बरा हाये समुद्र. पण हे खाली उतरले वो."