साजरं रजिस्टर

सहा महिन्यांचं खाडाखोडीचं रजिस्टर मी एका दुपारी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं आणि जुनं सरपणात टाकून दिलं. इतकी अक्कल माणसाला तरुणपणीच असते.

कपाशी दर साली दगा देत होती, तेव्हाची गोष्ट. हिवरखेडजवळ नाल्यावर आमचं बांधांचं काम चालू होतं. दर पंधरा दिवसांनी गावातल्या बाया बसायच्या आणि झालेलं काम पाहून पुढचा बेत बदलायच्या. मी ते रजिस्टरात लिहून घ्यायची.

अकोल्याहून तपासनीस आले. उरलेले चार बांध त्यांच्या शेऱ्यावर अडले होते. नाव विचारायचीही मला हिंमत झाली नाही. मूळ नकाशा घेऊन ते नाल्यावर फिरून आले, त्यांनी चष्मा पुसला, रजिस्टर शेवटाकडून चाळलं आणि विचारलं, "तिसरा बांध वर कावून सरकवला? कोणं ठरवलं?"

माझ्या सुंदर अक्षरात फक्त शेवटचा बेत होता, ते कारण नव्हतंच. सरपणातून जुनं रजिस्टर काढून आणलं. खोडलेल्या ओळींवरून त्यांचं बोट सावकाश फिरलं आणि एका जागी थांबलं. 'खाली खडक लागला, बांध वर घ्यावा.' त्याखाली अकरा बायांचे अंगठे होते.

त्यांनी मंजुरीचा शेरा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि उठताना म्हणाले, "पुढच्या खेपेले रजिस्टर असंच खराब ठेवजा, बाई. लय साजरं दिसलं का मले भेव लागते."