बांधालगतचं गवत

करी रोडच्या नव्या घरात आज बाबांची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला आमची लालबागची चाळ आठवली.

शेजारच्या खोलीत दत्ताकाका राहायचे. गावीही त्यांची नि आमची जमीन एका बांधाला लागून. रानातली भेकरं, ती लहान हरणं, कमी झाली तेव्हा बाबांनी नि काकांनी ठरवलं, त्यांच्या आडोशाचं बांधालगतचं गवत कापायचं नाही आणि तीन वर्षं शिमग्याला तिथे शिकार करायची नाही.

पहिल्याच शिमग्याला दोघेही गावी गेले. बाबा आधी परतले. दोन दिवसांनी काका आले आणि संध्याकाळी झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभे राहिले. भाजलेल्या खोबऱ्याचा वास गॅलरीभर पसरला होता.

"भाऊ, बोकडाचा मटण आसा. खावा."

बाबांनी झाकण उचलून वास घेतला. "बोकडाचा, की आपल्या गवतातला?"

काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, चोरी पकडली. त्यानंतर आम्ही त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलो नाही. काका तो ठपका घेऊनच वारले.

आज ट्रंकेच्या तळाशी, त्याच शिमग्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं भेकराचं शिंग सापडलं. आपोआप गळून पडलेल्या शिंगाला कवटी चिकटलेली नसते, म्हणून उलटून पाहिलं.

मुळाशी कवटीचं हाड होतं.