टोपड्याची शेवटची ओळ

शेलूबाजारात चहाच्या दुकानासमोर मी बैलांच्या दलालाची नक्कल करून राह्यलो होतो. रुमालाखाली बोटं धरायची, एक डोळा मिटायचा आन म्हणायचं, "पाटील, हा बैल नाही, तुमचा जावई हाय. बसवून खाऊ घाला!" लोक हसून राह्यले होते. तेवढ्यात गर्दीच्या मागं आमचा सालदार गडी किसन दिसला, सायकल धरून उभा. हसत नव्हता, पण हाकही मारत नव्हता. मी नक्कल पुरी केली, तसा तो पुढं आला न हळूच म्हणाला, "भाऊ, घरी चाला. काकू गेली." मी म्हटलं, "मंग आल्या आल्या काहून नाही सांगतलं रे?" तर म्हणे, "तुमी मधात व्हते ना भाऊ... कसं तोडू?"

सकाळीच तर तिचा ताप उतरला होता. मले बाजारात तिनंच धाडलं होतं, डिंक, सुंठ न खोबरं आणाले. घरात तिची लेक बाळंतपणाले आलेली, तिचे लाडू करायचे होते. ते पुडे सायकलीच्या दांडीले तसेच लटकत होते आन मी आसेगावच्या रस्त्यानं पायडल मारत होतो. किसन मागून येत होता. 

काकू म्हणजे माह्या मोठ्या काकाची बायको. काका लवकर गेले, मंग ती, तिची एकुलती एक लेक शांता आन आमी, सारे एकाच घरात. मंगरूळच्या शाळेत मी मॅट्रिकपर्यंत गेलो, पण तिथून घरी काय आणलं असीन तर एकेका मास्तरची चाल न आवाज. त्याचं पहिलं गिऱ्हाईक काकू. भाकर थापता थापता पाहे न म्हणे, "नाही जमला हा. नाकातून बोलते तो, तू घशातून बोलून राह्यला." शाळेत माहा पेपर इतक्या बारकाईनं कोणी तपासला नसीन.

भुलाबाईची गाणी चालू होऊन दसरा जवळ आला का आमच्या घराले एक चक्र लागे. पावसात कोंदलेल्या वाकळा अंगणात वाळू घालायच्या, भिंती सारवायच्या. सकाळी तुरीच्या पानावर दहिवर दिसू लागे, दुपारी मात्र ऊन चामडी सोलून काढे. कापूस फुटला का सीतादही. पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया दहीभात घेऊन वावरात जात, कापसाच्या पराटीवर शिंपडत, आन मंगच बोंडाले हात लावत. त्या पहिल्या वेच्यातला ओंजळभर कापूस काकू पदरात बांधून घरी आणे. सरकी काढे, पिंजे, पेळू वळे आन ओसरीवर पाय पसरून टकळीवर सूत काढे. विणायचं ती मंगरूळच्या एका जैन दुकानदाराच्या बायकोपाशी शिकली होती. घरातली न शेजारची किती लेकरं तिच्या त्या मऊ टोपड्यात वाढली! हात असा ढिल्ला का टोपडं डोक्यावर आहे का नाही, लेकराले समजतही नसीन.

शांताचं लग्न मालेगावात झालं. पहिल्या वक्ताले दिवस गेले, तवा काकूनं हौसेनं आधीच टोपडं विणलं. आमच्याकडं लेकरू जन्माले येण्याआधी त्याचे कपडे करत नाहीत. काकूले हे माहीत नव्हतं थोडंच? पण पहिलं नातवंड, हात राह्यला नाही. लेकरू झालं न दोन दिवसात गेलं. शांताची सासू आली, दारातूनच बोलली, "आधीच टोपडं घालून बसल्या नशिबावर! असे हात लेकराच्या कपड्याले लागू नाही." काकूनं टकळी, सुया आढ्याले टांगल्या न मोकळी झाली. नंतर लागोपाठ किती दसरे गेले, सीतादही झाली, पण तिनं पदरात कापूस आणला नाही. शेजारच्या बाया मागाले येत, तर म्हणे, "डोळ्याले दिसत नाही बाई आता." सुईत दोरा मात्र एका झटक्यात ओवे!

औंदा शांता पुन्हा आली. पोट घेऊन वावरात गेली, आपल्या हातानं पहिला कापूस वेचला न आणून आईच्या मांडीवर ठेवला.

"काढ सूत."

"नाही माय. तुले अजून अक्कल नाही आली का?"

"माह्या लेकराले तुह्याच हातचं पाह्यजे."

"बाजारातून आन. पांढरं, गुलाबी, पाह्यजे तसं भेटते."

"आई, तू नाही विणलं तर मंग तिकडं जे म्हणतात, ते खरंच व्हतं असं होईन. तुह्या हातानंच गेलं माह्यं लेकरू असं होईन... तुले चालते ते?"

काकू उठून आत गेली. मले काय सुचलं कोणास ठाऊक. धोतराचा सोगा डोक्यावर घेतला, पानाचा डबा काखेत मारला, नाक वर केलं न मालेगावच्या विहीणबाई होऊन ओसरीवर आलो. "आमच्या मालेगावात अशा गोट्टी चालत नाहीत हो! आमच्या मालेगावात तर ऊनही विचारून पडते!" शांता पोट धरून हसली. आतून काही आवाज नाही. मी डोकावलो, तर काकू पदर तोंडात कोंबून थरथरत होती. आधी मले वाटलं, रडून राह्यली. मंग पदर सुटला न हसू फुटलं. "मुडद्या! त्यायनं ऐकलं त माह्या पोरीले नांदवतीन का?" हसता हसताच डोळ्याले पाणी लागलं... अन ते काही हसण्याचं नव्हतं.

संध्याकाळी टकळी खाली आली. पण तिनं अट घातली. "विणीन. पण शेवटची ओळ बंद करणार नाही. टाके सुईवरच राह्यतीन. लेकरू रडलं का मंग बंद करीन." अर्धवट ठेवलेलं म्हणजे अजून केलेलंच नाही, असा तिचा हिशोब. मी म्हटलं, "काकू, देवाले फसवून राह्यली का?" तर म्हणे, "त्याले नाही रे. लोकायले."

दिवाळीनंतर तिले तापानं धरलं. टोपडं मागून सुरू करून कपाळाच्या काठापर्यंत आलेलं, टाके सुईवर. ते तसंच राह्यलं.

तेरवी झाली न थोड्याच दिवसात शांताले लेक झाली. ठणठणीत, गळा असा का माह्याही वरचढ. पण घरात आनंद करावा का नाही, कोणाले समजेना. ते टोपडं टोपलीत पडलं होतं, सुई खुपसलेलं. शेजारच्या बाया दुरून पाहत. एकीनं कुजबुजून शांताले सांगतलं, "ह्या वक्ताले तर विणणारीच गेली. ते लेकराले दाखवूही नोको." शांताले स्वतःले विणता येत नव्हतं, आन दुसऱ्या कोणाचा हात लागेना. ती टोपलीकडं पाहे न लेकराचं डोकं पदरानं झाकून घे. थंडी तर पडलीच होती.

बारशाले सासू आली. मी दारातच उभा होतो. आता ही काही बोलली तर आपणही सोडायचं नाही, असं ठरवूनच. ती आली, पाय धुतले, लेकरू मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. आन म्हणाली, "उघडंच काहून डोस्कं हिचं? टोपडं विणून राह्यली व्हती म्हणे तुही माय. कुठं हाय?"

 शांताच उठली, टोपली आणून पुढं ठेवली न तशीच उभी राह्यली. म्हातारीनं टोपडं उचललं, उजेडाकडं धरलं, टाक्यांवरून अंगठा फिरवला. अन दुसरी सुई घेऊन विणू लागली!

"तुमाले येते?" माह्या तोंडून निघून गेलं.

"तुह्या काकूनंच शिकवलं. शांताच्या लग्नाच्या वक्ताले मुक्कामी व्हतो, तवा. लई बोलत मले. विहीणबाई, हात ढिल्ला सोडा, हात ढिल्ला सोडा..." ती थांबली. नाक पुसलं. "म्या बोलले थे बोलले. आता कोणाले सांगू?"

 टोपडं पुरं झालं, तवा शांतानं लेकरू पुढं केलं, सासूलेच घालू दिलं.

हात म्हातारीचा काही ढिल्ला झाला नाही. टोपडं सारं कापसासारखं मऊ, आन कपाळावरची ती एक ओळ दोरीसारखी घट्ट. रोज संध्याकाळी टोपडं काढलं का पोरीच्या कपाळावर बारीक लाल रेघ उमटलेली दिसते. मी म्हटलं, "शांते, उसवून सैल करून घे ना कोणाकडून." ती नाही म्हणते. बोटावर तेल घेते अन ती रेघ पुसली जाईपर्यंत लेकीचं कपाळ चोळत बसते.